युरोपात कॅम्परव्हॅन घेण्याआधी अंगणात एक आयत काढा

६ मीटर लांब, २.०५ मीटर रुंद. रांगोळीने काढा, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने. पुढचे दोन मीटर सोडून द्या, तिथे बॉनेट, स्टिअरिंग आणि पुढच्या दोन सीटा येतात. मागचे १.४० मीटर पलंगाचे. मधे उरला अडीच मीटरचा पट्टा. त्यात ओटा, फ्रिज, संडास-न्हाणी, टेबल आणि मागच्या दोघांची सीट, सगळं. आता घरातल्या चौघांना बॅगा घेऊन त्या पट्ट्यात उभं करा. एकाला पोहे करायला सांगा, त्याच वेळी दुसऱ्याला न्हाणीकडे जायला सांगा. पाच मिनिटांत कळतं की एक जण हलला की बाकीच्या तिघांनी बसायचं असतं. गाडी कुठली घ्यावी हा वाद यूट्यूबपेक्षा इथे लवकर मिटतो.

हा आयत फियाट डुकाटोवर बांधलेल्या ५.९९ मीटरच्या पॅनेल व्हॅनचा आहे. प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन जंपर ही त्याच सांगाड्याची भावंडं. याच घराण्यात ५.४१ आणि ६.३६ मीटरच्याही गाड्या मिळतात. उंची साधारण २.६ ते २.७ मीटर, आरसे धरून रुंदी अडीच मीटरच्या वर. दोघांसाठी, फार तर दोघं आणि एक लहान पोर, एवढ्यासाठी ५.९९ पुरते. चौघं असतील तर सात मीटरची सेमी-इंटिग्रेटेड (मूळ केबिनमागे घराचा डबा जोडलेली) किंवा ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली अल्कोव्ह पाहा. अल्कोव्हची उंची ३ मीटरच्या पुढे जाते, आणि तो आकडा टोलनाक्यावर महागात पडतो. फोक्सवॅगन कॅलिफोर्निया छोटी, देखणी, चालवायला कारसारखी. पण नेहमीच्या मॉडेलमध्ये संडास नसतो, हे बुक करतानाच घरच्यांना सांगून टाका.

जाहिरातीत ‘४ बर्थ’ लिहिलं म्हणजे चार पट्टेवाल्या सीटा असतीलच असं नाही. झोपायच्या जागा आणि सीटबेल्ट वेगवेगळे मोजा. जर्मनीत १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटीमीटरपेक्षा बुटक्या मुलाला चाइल्ड सीट लागते. कित्येक कॅम्परच्या मागच्या सीटला आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायच्या कड्या) नसतं, त्यामुळे बेल्टने बांधता येईल अशीच सीट मागवा.

वजनाचा हिशोब बहुतेक जण करत नाहीत. आपल्याकडे एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालते. युरोपात कारचं लायसन्स, म्हणजे बी वर्ग, ३,५०० किलोवर थांबतं, आणि भाड्याच्या कॅम्परही याच मर्यादेत नोंदवलेल्या असतात. ही मर्यादा भरलेल्या गाडीची आहे. समजा कागदावर ‘चालू स्थितीतलं वजन’ २,९५० किलो लिहिलंय. त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर आणि ९० टक्के भरलेली डिझेलची टाकी आधीच धरलेली असते. उरले ५५० किलो. बाकी तिघं २००, चांदणी (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत) ३०, मागच्या रॅकवर दोन सायकली ६०, दुसरा गॅस सिलिंडर २२, बॅगा ८०, भांडी-किराणा ५०. झाले ४४२. वाटतं, शंभर किलो अजून हातात आहेत. पण त्या २,९५० मध्ये पाण्याची टाकी बऱ्याचदा १०-२० लिटरचीच धरलेली असते. १०० लिटर भरलं की आणखी ८० किलो गेले. ही झाली सहा मीटरची गाडी. सात मीटरच्या अल्कोव्हला कागदावरच ३,१५० असेल तर हे गणित सुरुवातीलाच फसतं. पोलिसांनी काट्यावर घेतली तर दंड होतो आणि जास्तीचं सामान उतरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बुकिंगआधी मेल करून नेमक्या गाडीचा पेलोड, म्हणजे किती किलो भार घालता येतो ते, विचारा. ‘पुरेसा आहे’ या उत्तरावर राहू नका, आकडा मागा.

कागदपत्रं

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, काही वेळा ४५ पर्यंत लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीची अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही, म्हणून तीन-चार महिने आधी लागा. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांची ४५, त्याहून लहानांना माफ. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीनंतर निदान ३ महिने चालणारा, १० वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

कॅम्परवाल्यांची खरी अडचण मुक्कामाच्या पुराव्याची. ‘गाडीतच झोपणार’ एवढ्यावर भागत नाही. रोजच्या रात्रीसाठी रद्द करता येण्याजोगं कॅम्पसाइट बुकिंग काढा, सोबत गाडीच्या भाड्याचा करार आणि तारीख-गाव-किलोमीटर असा तक्ता लावा. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर आधी पाय ठेवाल तो देश. सगळे शेंगेन देश मिळून १८० दिवसांत ९० दिवसांचीच मुभा आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या नव्या प्रवेश-निर्गम प्रणालीत हे दिवस संगणक मोजतो, शिक्क्यांची बेरीज कोणी करत बसत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडचा व्हिसा वेगळा. क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, रोमानिया-बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. व्हिसा असला तरी गाडी कुठल्या देशात न्यायला परवानगी आहे हे भाडेकरारात वेगळं पाहावं लागतं. बाल्कनमधले शेंगेनबाहेरचे देश बऱ्याच करारांत वगळलेले असतात.

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आपल्याच आरटीओत मिळतं: नागपूर शहरात गिरीपेठचं एमएच ३१, पूर्व नागपुरासाठी एमएच ४९, ग्रामीणला एमएच ४०. सारथी पोर्टलवर फॉर्म ४-ए भरायचा, फी १,००० रुपये. मुदत एक वर्षाची, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. मुदत काढल्या दिवसापासून धावते, म्हणून फार आधी काढण्यात हशील नाही. परमिट म्हणजे तुमच्या लायसन्सचं अधिकृत भाषांतर, त्यामुळे मूळ स्मार्टकार्ड जवळ नसेल तर त्या पुस्तिकेला किंमत नाही. पासपोर्टवरचं आणि लायसन्सवरचं नाव अक्षरशः एकच आहे का ते आधी बघा. एकात वडलांचं नाव आणि दुसऱ्यात नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. काउंटरवरची व्यक्ती मराठी नावांची रचना समजून घेत बसत नाही.

गाडी ताब्यात देताना साधारण १,००० ते १,५०० युरो अनामत क्रेडिट कार्डावर अडकवतात. कार्ड मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं हवं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आपल्याकडे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद ठेवलेले असतात, ते निघण्याआधी अॅपमधून सुरू करा आणि मर्यादा वाढवून घ्या. मानवरहित पंपावरही डिझेल सुटण्याआधी शंभर-दीडशे युरो अडकतात आणि मोकळे व्हायला काही दिवस घेतात. अनामत, दोन पंप आणि एक कॅम्पसाइट मिळून मर्यादा संपते, मग सुपरमार्केटात कार्ड नाकारलं जातं.

संत्री इथेच ठेवा

नागपूरकराच्या बॅगेत संत्रा बर्फी नसेल तर कोणाकडे तरी जातोय असं वाटतच नाही. पण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. खवा घातलेली बर्फी, तूप, पनीर, पेढा, सगळं यात आलं. ताजी फळं-भाज्याही आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बंद. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन ही पाच अपवादात आहेत, संत्रं नाही. ताजा कढीपत्ताही नाही. सावजी मसाला, तिखट, हळद, डाळी, पोहे, रवा, भाजणी, कोरडा चिवडा हे नेता येतं. तुपाची सोय तिकडे होते: जर्मनीत ‘बुटरश्माल्झ’ नावाने कढवलेलं लोणी मिळतं, चव जवळपास आपल्या तुपाचीच.

भांड्यांत ३ लिटरचा कुकर, एक लहान कढई, एक तवा पुरे. गाडीतली शेगडी दोन किंवा तीन बर्नरची असते, पण बर्नर इतके जवळ की २४ सेंटीमीटरची कढई ठेवली तर दुसऱ्यावर काही बसत नाही. कमी गॅसमध्ये होणारं निवडा: पोहे, उपमा, मुगाची खिचडी. तर्रीसाठी चणे रात्रभर भिजवायचे तर घट्ट झाकणाच्या डब्यात आणि सिंकमध्ये, कारण सकाळी ते विसरून गाडी सुरू होते.

फोडणीचं जरा जपून. तिखट-लसणाचा ठसका बंद डब्यात बसतो, उशा-पडद्यांना वास धरतो आणि परत करताना साफसफाईचा आकार लागतो. छतावरची खिडकी पूर्ण उघडा, दार उघडं ठेवा, शक्यतो फोडणी गाडीबाहेर छोट्या शेगडीवर करा. कॅम्पसाइटवर हे चालतं, फक्त वाऱ्याची दिशा आणि शेजाऱ्याचं टेबल बघून. हळद हा दुसरा शत्रू. कॅम्परचा ओटा आणि सिंकची कड पांढऱ्या प्लास्टिकची असते, तिच्यावर हळदीचा ओला थेंब पाच मिनिटं राहिला तर डाग निघत नाही. ओट्यावर जुनं वर्तमानपत्र किंवा सिलिकॉनची चटई अंथरा. तेलकट ताटं धुण्याआधी कागदाने पुसा. तर्रीचं तेल सांडपाण्याच्या टाकीत गेलं की उन्हात दोन दिवसांत सिंकमधून असा वास येतो की दार उघडं ठेवूनही जात नाही.

पाणी, आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते

ताज्या पाण्याची टाकी साधारण १०० लिटरची, सांडपाण्याची थोडी कमी, गरम पाण्याचा बॉयलर १० लिटरचा. म्हणजे एका माणसाचं गरम पाण्याने अंग ओलं करणं, नळ बंद, साबण, पुन्हा नळ. त्यानंतर पुढच्याने वीस मिनिटं थांबायचं. चौघांनी गाडीतच आंघोळ केली तर टाकी दीड दिवस टिकते. कॅम्पसाइटच्या न्हाणीघरात आंघोळ आणि गाडीतलं पाणी पिण्या-स्वयंपाकाला, असं ठेवलं तर तीन दिवस आरामात. पाणी भरायला नळाचे जोड लागतात. तिकडे अर्धा, पाऊण आणि एक इंचाचे आटे असतात, तिन्हींचा संच आणि १० मीटरचा खाद्यप्रतीचा पाइप गाडीत आहे का ते विचारा.

टाकी भरली आणि गाडीखालून धार लागली तर घाबरून फोन करू नका. बऱ्याच गाड्यांत ट्रुमा कंपनीचा हीटर असतो. त्याचा गोठण-झडप नावाचा भाग तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं पाणी सोडून देतो, म्हणजे बर्फ होऊन बॉयलर फुटत नाही. ती झडप पुन्हा बंद होण्यासाठी त्या जागेचं तापमान ७ अंशांच्या वर लागतं. एप्रिलमध्ये आल्प्समध्ये उतरलात तर आधी आतला हीटर लावा, अर्ध्या तासाने झडप दाबा, मग पाणी भरा. नागपूरच्या मे महिन्यातून थेट तिथे गेलेल्याच्या मनात हे येतच नाही.

संडास कॅसेटचा असतो. खाली १७ ते २० लिटरचा डबा, बाहेरच्या छोट्या दारातून काढायचा. दोघांना दोन ते तीन दिवस, चौघांना दीड दिवस. आपल्याकडे पाणी वापरायची सवय, आणि मगभर पाण्याने डबा झपाट्याने भरतो. पिळून वापरायची अर्धा लिटरची बाटली ठेवा, दर वेळी एक-दीड ग्लास पाण्यात काम होतं. कागद पातळ, विरघळणाराच. डबा काढण्याआधी आतली झडप बंद हवी, नाहीतर तो बाहेर येतच नाही, आणि जोर लावला तर झडपेची कड तुटते. रिकामा करताना नळीचं तोंड फिरवून घ्या आणि हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरा. बटण न दाबता ओतलं तर ‘गड-गड’ करत उसळतं आणि बूट-पँटवर येतं. मग दोन लिटर पाणी घालून हलवून विसळा, पुन्हा ओता, आणि बाटलीवर लिहिलेल्या मापाने निळं औषध घाला. डबा फक्त त्यासाठीच्या खास जागेत रिकामा करायचा, हॉटेलच्या संडासात नाही, गटारात तर मुळीच नाही. तिथे विसळायचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ शेजारी असतात. विसळण्याच्या नळाला लोक कॅसेटचं तोंड टेकवतात, म्हणून टाकी त्यावर कधीही भरू नये.

ॲम्पिअर

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. निळ्या गोल तीन-पिनी सीईई प्लगची केबल लागते, २५ मीटर, अडीच चौरस मिलिमीटर तारेची. ती चक्रावर गुंडाळलेली तशीच ठेवून जोडली तर गरम होऊन वितळते, पूर्ण उलगडा. कॅम्पसाइटचा फ्यूज बऱ्याचदा ६ ॲम्पिअरचा असतो. ६ गुणिले २३० म्हणजे १,३८० वॅट. २,००० वॅटची इंडक्शन किंवा किटली नेलीत तर पहिल्याच चहाला फ्यूज उडतो आणि खांबाची किल्ली ऑफिसात, ऑफिस सकाळी उघडणार. ७०० ते १,००० वॅटच्या आतलंच उपकरण न्या, आणि ते चालू असताना विजेवरचा हीटर बंद ठेवा. आपले गोल जाड तीन-पिनी प्लग तिकडच्या सॉकेटात बसत नाहीत. एक चांगला अडॅप्टर आणि त्यावर आपलाच मल्टिप्लग, इतकं पुरतं.

केबल नसेल तेव्हा ९५ ॲम्पिअर-अवरच्या एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरीवर राहायचं, आणि त्यातली अर्धीच वापरायची, म्हणजे ४७. पॅनेल व्हॅनमधला कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ३०-४० खातो. पंप, दिवे, मोबाइल मिळून १०. म्हणजे गाडी न हलवता एक रात्र आणि सकाळचा चहा. दुसऱ्या दिवशी दोन-तीन तास चालवलं की बॅटरी बरीचशी सावरते. मोठ्या गाड्यांत गॅसवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज असतो. तो वीज वाचवतो, पण गाडी तिरकी उभी असेल तर थंडच होत नाही. म्हणून सोबतचे पिवळे प्लास्टिकचे उतरते ठोकळे चाकाखाली घालून गाडी सपाट करायची. ओट्यावर वाटीत पाणी घेऊन बघा, समपातळी-यंत्राची गरज नाही.

गॅसचं गणित इथल्या १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा वेगळं. जर्मन गाडीत ११ किलोचे करडे प्रोपेन सिलिंडर असतात, आणि ते इटलीत किंवा स्पेनमध्ये बदलून मिळत नाहीत, प्रत्येक देशाचा सांधा निराळा. ११ किलोच्या दोन टाक्या पुऱ्या भरलेल्या घेऊनच निघा. उन्हाळ्यात फक्त स्वयंपाक आणि गरम पाणी असेल तर एक सिलिंडरही पंधरा दिवसांना पुरतो. हीटर रोज लागला तर चार-पाच दिवसांत संपतो. निळा छोटा कॅम्पिंगगॅझ मात्र जवळपास सगळीकडे मिळतो, पण त्यात मुख्यतः ब्यूटेन, ते शून्य अंशाजवळ वायू होणंच बंद करतं. थंडीत निळा सिलिंडर भरलेला असूनही ज्योत येत नाही ते यामुळे.

रस्त्यावर

गाडी उजवीकडून. चौकातल्या गोल चक्करला घड्याळाच्या उलट दिशेने जायचं आणि आत असलेल्याला आधी वाट द्यायची. ज्या चौकात काहीच पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. पांढऱ्या काठाची, टोकावर उभी पिवळी चौकोनी पाटी दिसली तर तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात. इंडिकेटर डाव्या काडीवर असतो, त्यामुळे पहिले दोन दिवस वळताना वायपर फिरतात, ते होऊ द्या. मागच्या चाकापलीकडे एक मीटरच्या वर गाडी असते. वळताना तोंड वळलं की शेपूट उलट बाजूला झुलते, आणि पार्किंगमधले खांब तिथेच घासतात. रांगोळीचा आयत पुसायच्या आधी मागच्या चाकाची जागा खुणावून हे एकदा समजून घ्या.

उंचीचा आकडा चिकटपट्टीवर लिहून विंडस्क्रीनसमोर लावा: २.७० मीटर. नागपूरच्या लोहापुलाखालून मान खाली घालून जाणारे आपण, पण तिथे सवयीने निभतं. तिकडे सुपरमार्केटच्या पार्किंगच्या तोंडाशी २ मीटरवर आडवा दांडा लटकत असतो. नेहमीचा मोबाइल नकाशा उंची-रुंदी ओळखत नाही, गाडीची मापं टाकता येणारं नेव्हिगेशन वापरा. छत आणि खालचा भाग हे बऱ्याच विम्यांत वगळलेले असतात, म्हणून हा दांडा पूर्ण स्वतःच्या खिशातून जातो.

समृद्धीवर १२० ने जाण्याची सवय इथे विसरा. ९५ ते १०० ने चाला, डिझेल १०० किलोमीटरला १० लिटरच्या आसपास लागेल, आणि १२० गाठलंत तर उंच डबा वारा फोडत जातो नि आकडा १२-१३ ला पोचतो. २,५०० किलोमीटरच्या सहलीला २५० लिटर. दिवसाला २०० ते २५० किलोमीटर पुष्कळ झाले. टायरचा दाब दाराच्या कडेवर लिहिलेला असतो, कॅम्पर टायरला मागे ५.५ बार म्हणजे ८० पीएसआय लागतो. कारच्या सवयीने ३५ भरले तर साइडवॉल तापून टायर फुटतो.

पंपावर कोणी भरून देत नाही. चौकोनातलं बी७ हे डिझेल, वर्तुळातलं ई५ किंवा ई१० हे पेट्रोल. निळं झाकण ॲडब्लूचं (डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाचं), त्यात डिझेल किंवा डिझेलमध्ये ॲडब्लू गेलं तर इंजिन सुरूच करायचं नाही. ॲडब्लू संपल्याचा इशारा दिसायला लागला की लगेच भरा. पूर्ण संपल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.

टोलचे तीन प्रकार. स्वित्झर्लंडला एकच वार्षिक विन्येट (महामार्गाचा पास), ४० फ्रँक, आता ऑनलाइनही. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, चेकिया, हंगेरीला ठरावीक दिवसांचं, हंगेरीत कॅम्परचा वर्ग कारपेक्षा वरचा. फ्रान्स-इटलीत नाक्यावर पैसे. फ्रान्समध्ये २ मीटरपर्यंत उंची असेल तर पहिला वर्ग, २ ते ३ मीटर दुसरा, ३ मीटरच्या पुढे तिसरा. अल्कोव्हचा भाव इथे कळतो. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए१३-ए१४ वर नाकेच काढलेत, ७२ तासांत ऑनलाइन भरायचं. इटलीतल्या जुन्या गावांत झेडटीएल (वाहनांना मर्यादित प्रवेश असलेला भाग) लिहिलेली लाल वर्तुळाची पाटी म्हणजे कॅमेरा. आत गेलात तर दंड होतात, ते भाडेकंपनीमार्फत महिन्यांनी नागपुरात पोचतात आणि कंपनी प्रत्येकाला वेगळा प्रशासकीय आकार लावते.

रात्री

कॅम्पसाइट महाग पण सगळ्या सोयी. फ्रान्समधल्या ‘एर’, जर्मनीतल्या ‘श्टेलप्लात्झ’, इटलीतल्या ‘आरेआ सोस्ता’ या कॅम्परच्या रात्रमुक्कामाच्या पार्किंग-जागा स्वस्त, कधी फुकट, पण बुकिंग बहुधा होत नाही, दुपारी तीनच्या आत पोचलं तर जागा. जर्मन कॅम्पसाइटवर दुपारी १ ते ३ शांतता, फाटक बंद, सव्वाला पोचलात तर बाहेर बसा. फाटकाबाहेर स्वयंपाक मांडू नका. कुठेही गाडी लावून झोपणं स्वीडन-नॉर्वेतही सरसकट नाही, तिथला मोकळ्या निसर्गाचा हक्क तंबूचा आहे, गाडीचा नाही. क्रोएशियात तर त्यावर दंड. स्पेनमध्ये पार्किंगच्या जागी झोपता येतं, पण खुर्ची बाहेर काढली, चांदणी उघडली किंवा चाकाखाली ठोकळा घातला की ते पार्किंग राहत नाही, कॅम्पिंग होतं. चांदणी झोपण्याआधी गुंडाळा. रात्रीचा एक झोत तिचे हात वाकवतो, आणि ती विम्यात नसते.

गाडी ताब्यात घेताना दीड-दोन तास राखून ठेवा, रविवारी बहुतेक ठिकाणं बंद असतात. विमानातून उतरून थेट चालवत निघू नका, पहिली रात्र जवळच काढा. कडक सूटकेस गाडीत ठेवायला जागा नसते, घडीच्या बॅगा न्या, नाहीतर सूटकेस तिथेच ठेवायची सोय आहे का विचारून घ्या. दाखवणारा माणूस भरभर बोलतो, त्याला थांबवून पूर्ण व्हिडिओ करा: छत, खालचा भाग, चारही कोपरे, टायरवरचे शेवटचे चार आकडे (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष), पंप, शेगडी, हीटर, फ्रिज प्रत्यक्ष चालू करून.

रोज निघताना एकाने आतून आणि एकाने बाहेरून फेरी मारायची. आत: छताच्या खिडक्या बंद, फ्रिजची कडी, सगळे ड्रॉवर टक् आवाज येईपर्यंत, गॅसच्या झडपा, सिंकमध्ये काही नाही. बाहेर: वीजकेबल काढलेली, पायरी आत, ठोकळे उचललेले, कॅसेटचं दार बंद. केबल लावलेली असतानाच गाडी काढणं ही पहिल्या आठवड्यातली सर्वांत जास्त होणारी चूक आहे. त्यावर एक उपाय आहे: केबल लावली की गाडीची किल्ली विजेच्या खांबाच्या कडीला अडकवा. किल्ली घ्यायला खांबाकडे जाल तेव्हा केबल समोर दिसेल.

परत द्यायच्या आदल्या रात्री सांडपाणी आणि कॅसेट रिकामी करून घ्या, कारण भाड्याच्या ठिकाणी ती सोय नसेल तर भरलेल्या कॅसेटचा आकार लागतो. डिझेल शेवटच्या पंपावर भरून पावती ठेवा. ओट्यावर, विशेषतः सिंकच्या कडेला, हळदीचा पिवळा डाग राहिला असेल तर भांडी घासायच्या द्रवात भिजवलेलं कापड रात्रभर तिथे ठेवा. सकाळी निम्मा तरी फिकट होतो.